फोटोडायोड आणि माडाचं आळं

प्रश्न : सर, मी रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोडवर (प्रकाश पडला की वीजप्रवाह देणारा घटक) सेकंदाला १० मेगाबिटचा ऑप्टिकल रिसीव्हर करतोय. डायोडला बायस (बाहेरून दिलेला स्थिर व्होल्टेज) नाही, आउटपुटकडून इनपुटकडे परत आणणारा फीडबॅक रेझिस्टर १०० किलोओहम, ऑप-अँप (प्रवाहाचं व्होल्टेज करणारी अँप्लिफायर चिप) टीएल०७२. स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) चौकोनी लहर येतच नाही. वेगवान ऑप-अँप ओपीए६५७ लावला, तर सर्किट ऑसिलेट होतं, म्हणजे आपोआप कंप पावत राहतं. काय करू?

उत्तर : आमच्या वाडीत माडांना शिंपताना पाटाचं पाणी आळ्यात सोडायचो. आळं मोठं, तर भरायला वेळ. तुझ्या डायोडची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) म्हणजे ते आळं, आणि बायस नसताना ती तब्बल ७० पिकोफॅरड असते. ऑप-अँपने आळ्यातली पातळी चढूच द्यायची नाही. आलेला प्रवाह लगेच फीडबॅक रेझिस्टरमधून ओढून घ्यायचा. टीएल०७२ची धाव ३ मेगाहर्ट्झची, म्हणजे ३० लाख हर्ट्झची, आणि पुढ्यात एवढं मोठं आळं, म्हणून तुझी बँडविड्थ (सर्किट किती वेगाचे बदल पकडतं ती मर्यादा) अडीच लाख हर्ट्झच्या आसपास अडकते. १० मेगाबिटला साधारण ७० लाख हर्ट्झ लागते.

आधी डायोडला ३ व्होल्ट उलटा बायस दे. कपॅसिटन्स २५ पिकोफॅरडवर येते, एवढ्यानेच निम्मं काम होतं. ओपीए६५७ योग्यच निवडलास. तो ऑसिलेट होतो, कारण डायोडच्या कपॅसिटन्समुळे फीडबॅक उशिरा पोचतो. रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर लावला की तो उशीर भरून निघतो. पण १०० किलोओहमला पाव पिकोफॅरडच पुरतो, आणि तेवढा तर बोर्डावरच्या तांब्यातच असतो, आपल्या हातात राहत नाही. म्हणून २२ किलोओहम आणि १ पिकोफॅरड घे. बँडविड्थ ७२ लाख हर्ट्झच्या जवळ बसते. रेझिस्टरच्या नॉइजचा (सिग्नलमधल्या नको असलेल्या खरखरीचा) प्रवाह दुपटीला येतो, तो सोसायचा. रेझिस्टर २२ किलोओहमच्या खाली मात्र नेऊ नकोस, दूरचा क्षीण प्रकाश नॉइजमध्ये बुडेल.

हे सगळं करूनही माझा एक बोर्ड शिट्टी मारत, म्हणजे ऑसिलेट होत राहिला होता. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी डायोड ऑप-अँपला मिळतो त्या सांध्याखालचं, नको ती कपॅसिटन्स वाढवणारं ग्राउंडचं तांबं ब्लेडने नखाएवढं खरवडलं, कपॅसिटरचे पाय मुळाशी कापले, आणि स्कोपवर लहर सरळ उभी राहिली. तो सांधा शक्य तितका आखूड ठेव.

सोल्डरिंग झालं की फ्लक्स (सोल्डरबरोबरचा चिकट राळेसारखा पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढ. पावसाळ्यात आपल्याकडची खारी, दमट हवा राहिलेल्या फ्लक्सवर बसते आणि बायसच्या तारेतून गळती सुरू होते. आउटपुटची शून्य पातळी सरकू लागली, तर आधी तिथेच बघ.