तुला कन्नड येतंय की, तूच जाऊन ये

"मॅडम, मी आळशी आहे का हो?" मी समुपदेशक, आणि हा प्रश्न घेऊन माझ्याकडं बऱ्याच बायका येतात. नोकरी करणाऱ्या, पस्तिशी-चाळिशीतल्या, मोठा आजार असा काही नाही पण रोज काहीतरी दुखतंय, आज डोकं, उद्या मान, परवा पित्त, ऑफिसचं काम होतं पण ओढूनताणून, व्यायाम सुरू होतो आणि आठ दिवसांत बंद पडतो, बाहेरची कामं तर संपतच नाहीत. आणि याचं उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं, की दोष माझाच. अशाच एका ताईंची गोष्ट आज लिहितेय, त्यांना विचारून, नाव न सांगता आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलून. मुद्दाम लिहितेय कारण यांच्या बाबतीत सुरुवातीला मी स्वतः चुकले आणि तीच चूक कितीतरी घरांत रोज होत असते.

ताई बेळगावात वडगावच्या, वय ३९, एका क्रेडिट सोसायटीत कॅश काउंटरला. मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत, शिफ्ट बदलती. घरात सासूबाई, मुलगी आठवीला, मुलगा पाचवीला. सकाळी पाचला उठायचं, डबे, पाणी, सासूबाईंचा नाष्टा-गोळ्या, मुलांना सोडून दहाला काउंटरवर, संध्याकाळी सहाला सुटलं की गाडी घराकडं नाही तर आधी बाजार, मेडिकल, झेरॉक्स, कुणाचं तरी काहीतरी, मग रेल्वे गेट पडलेलं, घरी पोचेपर्यंत पावणेआठ. दुपारी चार वाजले की कपाळाच्या दोन्ही बाजूंनी डोकं आवळल्यासारखं व्हायचं, मग ड्रॉवरमधली गोळी, वर चहा. दरवर्षी जानेवारीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला सुरू करायच्या. "अर्ध्या फेरीतच धाप लागत्या मॅडम, शेजारून साठीच्या आज्या गप्पा मारत पुढं जातात आणि मी झाडाखाली उभी. चार दिवस गेले की पाचव्या दिवशी उठवतच नाही. मिस्टर म्हणाले, संपलं काय गे तुझं फिरणं? हसत हसतच म्हणाले ओ, पण मला लागलं."

मी काय केलं, तर सगळं ऐकून घेऊन त्यांना एक छान टाइमटेबल करून दिलं. सकाळी २० मिनिटं चालणं, दुपारी पाच मिनिटं दीर्घ श्वसन, रात्री दहाला मोबाईल बंद. दोन आठवड्यांनी ताई तो कागद घेऊन आल्या, नीट घडी घातलेला, रोजच्या रकान्यात लाल पेनाने फुल्या, तेरा दिवसांत बरोबरच्या खुणा तीन. कागद माझ्यापुढं ठेवताना त्यांचे डोळे भरले, शाळेत नापासाचं प्रगतीपुस्तक दाखवावं तसं. तेव्हा मला कळलं की मी त्यांच्या यादीत अजून एक काम वाढवून ठेवलं होतं, आणि नापास व्हायला अजून एक जागा.

त्या दिवशी टाइमटेबल बाजूला ठेवलं आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. पाळी कशी येते, किती दिवस, किती पॅड लागतात. जिना चढताना धाप लागते का. डोकेदुखीची गोळी आठवड्यात किती वेळा. पाळीबद्दल म्हणाल्या, "जास्तच जात्या, पण आमच्यात सगळ्यांचीच तशी." गोळ्यांचा आकडा सांगता येईना म्हणून पर्समधली स्ट्रिप शोधायला लागल्या आणि ती सापडेना, म्हणून अख्खी पर्स टेबलावर रिकामी केली.

दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये दोन उरलेल्या, घेऊन पाच दिवस झालेले. पण माझं लक्ष गेलं साडीच्या दुकानाच्या एका पिशवीकडं, रबर लावलेली, आत कागदांचा गठ्ठा. विचारलं हे काय, तर ताई एकेक काढून ठेवत गेल्या. हेस्कॉमचं लाईट बिल. मुलीच्या जात-उत्पन्न दाखल्याचा अर्ज. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी. जावेच्या रेशन कार्डाची झेरॉक्स. शेजारच्या काकूंचं पासबुक, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये का आले नाहीत ते विचारायचं होतं. दिराच्या घराचा उतारा. महापालिकेची घरपट्टीची पावती, तीही चुलत सासऱ्यांची. काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत, आणि मधेच मराठीत लिहिलेली किराण्याची यादी. सगळे मिळून अकरा कागद, आणि सगळ्यात खालचा, घडीवर फाटायला आलेला, तेवढा एकच ताईंच्या नावाचा. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रक्त तपासायला लिहून दिलेलं ते. ते राहूनच गेलं होतं.

"हे सगळं तुमच्याकडं का?"

"मला कन्नड येतंय की."

बेळगावबाहेरच्या वाचकांना यात काय विशेष ते कळणार नाही म्हणून सांगते. आपल्याकडं माझ्या पिढीची कितीतरी माणसं मराठी शाळेत शिकलीत, आणि कचेरीतला कागद कन्नड. बाजारात, कारखान्यात, बसमध्ये कन्नड बोलण्याचा प्रश्न येत नाही, ते जिभेवर असतंच, पण फॉर्म वाचून भरणं हे वेगळं. या ताईंचं माहेर गोकाककडचं, दहावीपर्यंत शिक्षण कन्नडमधून. लग्न होऊन वडगावात आल्या तेव्हा पहिल्या महिन्यात सासऱ्यांनी कौतुकाने एक नोटीस वाचायला दिली आणि तिथून जे सुरू झालं ते पंधरा वर्षं चालूच. तुला कन्नड येतंय की, तूच जाऊन ये. घरचे, भावकी, गल्ली, सगळ्यांचंच. कुणी दुष्टपणाने केलं नाही, उलट मानाने केलं, आणि मानाने दिलेलं काम नाकारणं तर अजूनच अवघड.

मी त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं पाठवलं, कारण समुपदेशकाकडं आलं म्हणजे सगळं टेन्शनमुळंच असं नसतं. हिमोग्लोबिन आलं ९.२. बाईचं (गरोदर नसताना) १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना तो निघाला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. शरीराला ऑक्सिजन पोचवणारंच कमी पडतंय तिथं व्हॅक्सिन डेपोच्या अर्ध्या फेरीत धाप लागणारच, त्याला आळस म्हणून कसं चालेल? ताई रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक करत नव्हते." हे त्यांनी पंधरा वर्षं मनात धरलं होतं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जास्त जाणाऱ्या पाळीसाठी गायनॅककडं पाठवलं. दोन गोष्टी मी पण बजावल्या. एक म्हणजे जेवणावर लगेच चहा नको, चहामुळं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, निदान तासभर जाऊ दे, त्यापेक्षा जेवताना लिंबू पिळा. दुसरं म्हणजे गोळ्यांनी शी काळी होते, कधी पोट बांधतं, म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या. बाळंतपणात त्यांनी त्याच कारणाने सोडल्या होत्या. आणि हिमोग्लोबिन नॉर्मलला आलं तरी शरीरातला साठा भरायला अजून साधारण तीन महिने त्या चालू ठेवायला सांगतात, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून इथं लिहिते.

डोकेदुखीच्या गोळीचं तर मला खूपच महत्त्वाचं वाटतं. पाच दिवसांत आठ म्हणजे रोज एक तरी झालीच. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की त्या गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागू शकतं. आणि रिकाम्या पोटी घेतल्या तर पित्त, त्यावर पुन्हा पित्ताची गोळी. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. (अचानक आलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर मान कडक, एका बाजूचा हात-पाय लुळा, दिसायला अंधुक, यातलं काहीही असलं तर समुपदेशन वगैरे नको, थेट दवाखाना गाठा.)

आता राहिले दहा कागद. मी ताईंना म्हटलं पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. त्या म्हणाल्या येणार नाहीत, त्यांना असल्या कामांचा कंटाळा. पण ते आले, पहिली शिफ्ट संपवून थेट, नखांत काळं तसंच. सुरुवातीला मॅडम-मॅडम करून सगळ्याला हो म्हणत होते. मी गठ्ठ्यातलं लाईट बिल त्यांच्यापुढं सरकवलं आणि विचारलं, हे तुम्ही का भरत नाही? त्यांनी ते हातात घेतलं नाही, टेबलावरच बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत मॅडम, निम्मी कन्नड बोलणारी, दिवसभर मी कन्नडच बोलतोय. पण कागद हातात आला की घाम फुटतोय मला." लग्नाच्या आधी एका कचेरीत त्यांनी अर्ज चुकीच्या रकान्यात भरला होता, खिडकीतल्या माणसाने मोठ्याने काहीतरी विचारलं आणि मागची रांग हसली. एवढंच. पण त्यानंतर ते कुठल्या खिडकीपुढं उभे राहिले नाहीत.

ताई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "मला वाटायचं तुम्हाला कंटाळा येतोय." ते म्हणाले, "मग काय सांगणार होतो? वाचायला येत नाही म्हणून?"

मी त्या सेशनमध्ये पुढं फार काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

नंतर आम्ही तिघांनी मिळून कागदांची वाटणी केली, कुणाचा कागद कुणाच्या हातात ते बघून. मुलगी आठवीला, तिला शाळेत कन्नड आहे, चांगलं वाचते. ठरलं असं की पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात बाबा आणि मुलगी मिळून जायचं, मुलगी वाचणार आणि बाबा खिडकीवर बोलणार. बोलण्यात तर ते ताईंपेक्षा सरस! सासूबाई पहिल्यांदा चिडल्या, पोरीला कचेरीत कशाला फिरवतोस म्हणून, पण दाखल्याचं काम दोन फेऱ्यांत झालं तसं गप्प झाल्या. गल्लीतल्यांसाठी ताईंनी एक वाक्य पाठ केलं, माझ्यापुढं दहा वेळा म्हणून बघितलं: "मंगळवारी सातला घेऊन या, मी वाचून सांगते, पण जायचं तुम्ही." वाचून देणं आणि जाऊन येणं ही दोन कामं आहेत आणि पंधरा वर्षं ती एकच धरली गेली होती.

मंगळवार सात हे नुसतं सोयीसाठी नव्हतं. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात जास्त घोळत राहतं हे ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलं होतं, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की ते मध्येमध्ये येऊन सतावणं बरंच थांबतं. ताईंच्या डोक्यात काउंटरवर नोटा मोजतानासुद्धा काकूंचं पासबुक चालू असायचं, ते मंगळवारवर ढकलता आलं. तुमच्याकडं पण अशी यादी असेल तर "करायचंय" असं नुसतं लिहू नका, वार आणि वेळ लिहा, आणि कोण करणार तेही.

व्यायामाला मी मुद्दाम हात लावला नाही, हिमोग्लोबिन चढायला लागेपर्यंत महिनाभर थांबलो. मग सकाळचा हट्टच सोडला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट २०२० मध्ये त्यांनी काढून टाकली. पाच मिनिटं चाललात तरी ती जमेला धरायची. म्हणून ताई आता गाडी बाजाराच्या अलीकडंच लावतात, गणपत गल्लीतून हातात पिशवी घेऊन झपाझप चालत जाऊन येतात, दुपारी जेवल्यावर सोसायटीच्या मागच्या बोळात दोन चकरा, मानेसाठी तासाला एकदा खुर्चीतून उठून खांदे फिरवणं. व्हॅक्सिन डेपो फक्त रविवारी, तेही मिस्टरांबरोबर. बेळगावचा पाऊस सुरू झाला की रविवार बुडतो, बुडू दे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. डोकं अजून महिन्यातून दोन-तीनदा दुखतं, मार्च एंडिंगला जास्तच दुखलं. पासबुकवाल्या काकू दोन महिने बोलत नव्हत्या, आणि ताईंना त्याचं वाईट वाटत होतं, ते वाटणारच, ते जावं म्हणून मी काही उपाय दिला नाही, फक्त त्यावर बोलत बसलो. झोप न लागणं, उदास वाटणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं तर मात्र कुणाशी तरी बोलाच, जवळ कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मागच्या भेटीत ताई म्हणाल्या की मिस्टर आता गाडी चालवताना दुकानांचे बोर्ड मोठ्याने वाचत जातात, रेल्वे गेट पडलं की पुढच्या बसवरचा बोर्ड, आणि चुकलं की मागून मुलगी ओरडते. साडीच्या दुकानाची ती पिशवी आता त्यांच्या डब्याच्या बॅगेत असते. पुढची रक्त तपासणी दिवाळीनंतर आहे, त्याची चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, मुलीच्या अक्षरात, तारीख, वार आणि "बाबा सोडणार" असं लिहून.