सरकारच्या 'अत्यावश्यक औषधं' यादीत नसलेलं औषध कमी दर्जाचं असतं का? सोलापुरात आम्हाला या यादीचा काय उपयोग?

नाही, दर्जाचा संबंध नाही. बहुसंख्य लोकांच्या आजारांना जे लागतं, जे गुणकारी आणि सुरक्षित असल्याचा पुरावा आहे आणि पैशाच्या मानाने परवडतं, ते यादीत येतं. जागतिक आरोग्य संघटनेने पहिली यादी १९७७ साली काढली, भारताने १९९६ साली. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधं आहेत. त्याच वेळी ॲसिडिटीवरची रॅनिटिडीन वगळली गेली, म्हणजे यादी बदलत राहते.

उपयोग दोन ठिकाणी. सरकारी दवाखान्यात कोणता साठा ठेवायचा, हे अशा यादीवरून ठरवता येतं. माळशिरस-पंढरपूरकडे उसाच्या फडात साप चावला, तर सर्पदंशावरचं प्रतिविष (विष उतरवणारं इंजेक्शन) जवळच्या ग्रामीण रुग्णालयात तयारच हवं. रोज खपत नाही म्हणून ते मागवायचंच नाही, असं चालत नाही. उलट विडी वळणाऱ्या बाईला मधुमेहाची मेटफॉर्मिन रोज लागते. तीही यादीतच.

दुसरा उपयोग खिशाशी. यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, आणि जीएसटी सोडून त्यावर कोणत्याही कंपनीला जाता येत नाही. मात्र गोळीत दुसरा घटक मिसळला किंवा तीच गोळी वेगळ्या मिलिग्रॅमची काढली, की ती बऱ्याचदा या मर्यादेतून निसटते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. त्यामुळे महागडी मिश्र गोळी लिहून दिली असेल, तर 'साधी चालेल का?' असं डॉक्टरांना बिनधास्त विचारा. स्वतःहून मात्र बदलू नका.