नान्नजच्या माळावर पाहुण्यांना नेताना

आपण संस्थेत नव्याने दाखल झाला आहात, म्हणून आधीच स्पष्ट करतो: नान्नजचे अभयारण्य वन विभागाचे आहे आणि आपली संस्था केवळ सोबतीला आहे, त्यामुळे वेळा आणि वाटा यांबाबत वनरक्षकाचा शब्द अंतिम मानावा. १९७९ साली हे क्षेत्र माळढोकासाठी राखीव झाले. आता तो पक्षी क्वचितच दिसतो, तेव्हा सोलापुरातून सहलीला आलेल्या मुलांना त्याच्या दर्शनाचे आश्वासन देऊ नये. (मी एकदा दिले होते, परतीच्या बसमधली शांतता अजून आठवते.) त्याऐवजी मुलांना गवतात गुडघ्यांवर बसवावे, म्हणजे जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालणाऱ्या माळढोकाच्या मादीला मोकळी नजर का हवी आणि माळाला ‘पडीक’ समजून तिथे झाडे लावणे तिच्या मुळावर कसे येते, हे त्यांना न सांगता उमगते. काळविटांचा कळप दिसला, तर कुणालाही धावू देऊ नये. देणगीतून फलक छापण्यापूर्वी मजकुराला वन विभागाची लेखी मंजुरी घ्यावी. तेवढ्यासाठी आमचा एक फलक वर्षभर खोलीत पडून राहिला. दुर्बिणी मात्र मोजून द्याव्यात आणि मोजूनच परत घ्याव्यात.