लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, फॉरमॅट करूनही उपयोग झाला नाही. नवीनच घ्यावा का?

आपल्या प्रश्नात दिलेली माहिती अशी : सहा वर्षे जुना लॅपटॉप, विंडोज 10, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. बटण दाबल्यापासून कामाला हात घालेपर्यंत पाच मिनिटे जातात. दोनदा फॉरमॅट करून घेतला, महिनाभर बरा चालला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुकानदार आता नवीन घ्या म्हणतो. मी एका हिशेबतपासनीसांच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल पाहतो आणि ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की, उत्तर देण्याआधी मी एकच प्रतिप्रश्न करतो : ही पाच मिनिटे नेमकी कुठे जातात? ते कळल्याशिवाय तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका आणि नवा लॅपटॉपही घेऊ नका.

मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि एक कागद घेऊन बसा आणि तीन कालावधी नोंदवा : कंपनीचे बोधचिन्ह उमटल्यापासून त्याखाली ठिपके फिरू लागेपर्यंतचा, ठिपक्यांपासून पासवर्डच्या चौकटीपर्यंतचा, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझरमध्ये एखादे पान पूर्ण उघडेपर्यंतचा. या तीन टप्प्यांची कारणे एकमेकांपासून निराळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. मात्र हे मोजमाप ‘शट डाउन’ करून नव्हे, तर ‘रीस्टार्ट’ करून घ्या.

यामागे कारण आहे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले, तर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची त्या क्षणीची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालवली जाते. एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल, तर तोही तसाच पुढे चालत राहतो. टास्क मॅनेजरमध्ये (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबल्यावर तो उघडतो) ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री न चुकता लॅपटॉप बंद करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याच्या यंत्रावर तिथे 23 दिवस दिसत होते आणि त्यांचा त्यावर विश्वास बसेना. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे मुळापासून नव्याने सुरू होते. रीस्टार्टनंतर लॅपटॉप सुधारला आणि चार दिवसांनी पुन्हा मंदावला, तर ही सोय पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करून पाहावी. सरसकट बंद करा असे मी सांगणार नाही, कारण जुन्या हार्ड डिस्कवर तिचा उपयोगही होतो.

पहिल्या टप्प्यात विंडोजचा काही संबंधच नसतो. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ या पानावर उजवीकडे वर ‘लास्ट बायॉस टाइम’ असा आकडा बहुतेक यंत्रांवर दिसतो. बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागे करणारा, यंत्रातच असलेला प्रोग्रॅम. तो पाच ते पंधरा सेकंदांच्या घरात असेल, तर हा टप्पा सोडून द्या. तीस-चाळीस सेकंद असेल, तर आधी यूएसबीला जोडलेले सगळे काढा. माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर बोधचिन्ह चाळीस सेकंद हलत नसे. गाडीत गाणी ऐकण्यासाठी घेतलेला नखाएवढा पेन ड्राइव्ह वर्षभर मागच्या खाचेत बसून होता आणि बायॉसच्या क्रमात यूएसबीचा नंबर डिस्कच्या आधी असल्याने यंत्र दर वेळी त्यातच विंडोज शोधत बसे. तो काढला आणि वेळ अकरा सेकंदांवर आली. बायॉसमध्ये नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय क्रमात वर असेल, तर तोही खाली टाका. यानंतरही बोधचिन्ह अडून राहत असेल, तर डिस्क हाकेला उशिरा ओ देते आहे अशी शंका घ्यावी. त्याविषयी पुढे लिहितो.

दुसऱ्या टप्प्याविषयी पुढे लिहितो. तिसऱ्या टप्प्यात सगळेच जण आधी स्टार्टअपची, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी साफ करतात आणि ते योग्यच आहे, फक्त डोळसपणे करावे. तिथे ज्याच्यापुढे ‘हाय’ लिहिले आहे, त्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेतलेला असतो किंवा डिस्कवर 3 एमबीहून अधिक वाचन-लेखन केलेले असते. व्हिडिओ बैठकांचे, गेमचे आणि प्रिंटर कंपनीचे जाहिरातवजा प्रोग्रॅम बिनदिक्कत बंद करा. टचपॅडचा आणि मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम मात्र राहू द्या. शेजारच्या काकूंच्या यंत्रावर मी उत्साहाच्या भरात सगळीच यादी बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन, ‘अरे, मराठी उमटतच नाही!’ लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस असेल, तर तो रीतसर काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. संगणक ‘वेगवान करून देणारे’ फुकट प्रोग्रॅम तर यादीत आणखी एकाची भर घालतात.

पासवर्ड टाकल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहत असेल, तर ‘धिस पीसी’मध्ये लाल फुली असलेला नेटवर्क ड्राइव्ह आहे का तेही पाहा. माझ्याच लॅपटॉपवर आधीच्या नोकरीतल्या सर्व्हरची जोडणी राहून गेली होती आणि अस्तित्वातच नसलेल्या त्या सर्व्हरची वाट पाहण्यात रोज सकाळी जवळजवळ एक मिनिट जात होते.

हे सगळे करूनही आपल्या बाबतीत मोठा फरक पडेल असे मला वाटत नाही, कारण फॉरमॅटनंतर महिनाभरातच तेच, ही खूण डिस्ककडे बोट दाखवते. लॅपटॉप सुरू होताच टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना पाहा. तिथे 100 टक्के दिसत असतील आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम 1-2 एमबी असेल, तर दुखणे सापडले. आपल्यासारख्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि मुळात ते टोक योग्य वर्तुळावर सरकायलाच आणखी 12 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. हिशेब केला तर अशा विखुरलेल्या वाचनांची संख्या सेकंदाला साठीच्या आसपास अडकते. सुरू होताना विंडोजला हजारो छोट्या फाइली हव्या असतात आणि त्याच वेळी डिफेंडर, अपडेट, शोधाची सूची व ब्राउझर आपापले गठ्ठे घेऊन त्याच एका खिडकीशी रांगेत उभे राहतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने हीच छोटी वाचने सेकंदाला हजारोंच्या संख्येने होतात. फॉरमॅटने रांग तेवढी कमी होते. अपडेट आले, नेहमीचे प्रोग्रॅम परत आले की रांग पुन्हा तेवढीच आणि खिडकी एकच. त्यात रॅम 4 जीबी असल्याने, जागा अपुरी पडली की विंडोज रॅममधला मजकूरही याच डिस्कवर नेऊन ठेवते.

खर्च करण्याआधी डिस्कची प्रकृती तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवतो. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब झाल्याने बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी पाहा. दुसऱ्या ओळीत ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याहून वेगळे काही असेल, तर डिस्कला काही जागा वाचताच येत नाहीत आणि ती त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडकते. तसे दिसले, तर वेगाचा विषय त्याच क्षणी बाजूला ठेवा आणि आधी फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या.

बाकी सारे ठीक असेल, तर 240 किंवा 256 जीबीची एसएसडी बसवा आणि रॅम वाढवण्यासाठी खाच असेल, तर 8 जीबी करा. दोन्ही एकदम झेपत नसेल, तर आधी एसएसडी. अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. एम.2 ची, म्हणजे पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची खाच आहे का, आणि असल्यास ती साटा प्रकारची की एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणीची), हे मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करा, कारण दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्याच असतात आणि दुकानदाराच्या आठवणीवर विसंबून परत करण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. कार्यालयातील ज्या यंत्रांवर हा बदल मी केला, ती चार-पाच मिनिटांवरून अर्ध्या-पाऊण मिनिटावर आली.

फरक नेमका मोजायचा असेल, तर विंडोज स्वतःच वही ठेवत असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ आणि शेवटी ‘ऑपरेशनल’ असे उतरत जा. क्रमांक 100 च्या नोंदीत सुरू होण्याचा एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. 101 मध्ये उशीर करणारा प्रोग्रॅम, 102 मध्ये ड्रायव्हर आणि 103 मध्ये सेवा (पडद्याआड चालणारा विंडोजचा प्रोग्रॅम, ‘सर्व्हिस’) नावानिशी सापडते. एसएसडी बसवूनही ठिपक्यांचा दुसरा टप्पा लांबलेलाच राहिला, तर दोषी बहुधा 102 किंवा 103 मध्येच भेटतो.

दुकानदाराच्या सल्ल्यात एक मुद्दा खरा आहे : विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे एसएसडी घेण्याआधी प्रोसेसर पाहा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) असेल, तर बहुतेक यंत्रांवर विंडोज 11 रीतसर चालते आणि नव्या एसएसडीवर थेट तेच बसवता येईल. प्रोसेसर त्याआधीचा असेल, तर मात्र यंत्रावर किती खर्च करायचा याचा विचार करावा लागेल. एसएसडी मात्र तेव्हाही वाया जात नाही, ती दुसऱ्या यंत्रात बसवता येते.

काढलेली हार्ड डिस्क निरोगी निघाली, तर तिला यूएसबीचे कव्हर घालून फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वापरा. फक्त लॅपटॉप सुरू करताना ती जोडलेली ठेवू नका, नाहीतर मावशीच्या पेन ड्राइव्हची गत व्हायची.