टेबलाच्या टॉपला झोल आलाय, प्लाय बदलू का?

प्रश्न : दादा, मी जुळे सोलापुरात राहते. मुलगी यंदा बारावीला आहे म्हणून मे महिन्यात घरीच तिच्यासाठी अभ्यासाचं टेबल केलं. १२ एमएमचा कमर्शियल प्लाय ५ बाय २ फुटात दुकानातनंच कापून आणला, वरनं सनमायका चिकटवला, दोन टोकांना लोखंडी स्टँड लावले. पाऊस सुरू झाल्यापासून टॉप मध्ये खोलगट झालाय, पेन ठेवला की घरंगळत मध्येच येतो, आणि पुढचे दोन्ही कोपरे वर उचललेत. दुकानदार म्हणतो हा फेका, ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. एवढी मेहनत केली ओ, काय करू सांगा की.

उत्तर : ताई, फेकू नका. प्लाय चांगलाच असणार, त्याला खालून आधार मिळाला नाही एवढंच झालंय.

आधी शिलाईचा दोरा घ्या, टॉपवर लांबीत ताणून धरा आणि मध्ये दोऱ्याखाली किती फट पडते ते पट्टीने मोजा, मग तसंच रुंदीत मोजा. लांबीत फट असेल तर तो वजनाचा झोल, रुंदीत असेल तर तो दमटपणाचा बाक, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे दोन्ही आहेत. सनमायका वरनंच लावलाय ना, मग वरची बाजू बंद झाली आणि खालची उघडी राहिली. मे महिन्यात आपल्याकडे हवा एवढी कोरडी असते की लाकूड तडतडतं, त्यात तुम्ही चिकटवलं, पुढे मृग लागला, खालच्या उघड्या बाजूने दमट हवा ओढली आणि ती फुगली, वरची तशीच राहिली, मग टॉप वाटीसारखा वळणारच. म्हणून सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंनी. खाली स्वस्तातला पातळ चालतो, कोण बघतंय, पण लावायचा.

आता झोल. पाच फुटाच्या अंतराला १२ एमएम म्हणजे चार सूत प्लाय नुसता टिकत नाही. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १२ ऐवजी १८ घेतला असता तर तो तिप्पटीपेक्षा जास्त ताठ राहिला असता. पण तुम्हाला १८ चीही गरज नाही. दोन बाय एक इंचाची लाकडी पट्टी घ्या आणि ती उभी लावा, दोन इंचाची बाजू वरखाली. हिशोबाने अशी एक उभी पट्टी तुमच्या अख्ख्या दोन फुटी टॉपच्या साधारण तिप्पट ताठ असते, आणि तीच पट्टी आडवी झोपवली तर ताठपणा चौथाईवर येतो. पट्टी तीच, पैसे तेच. हे मी भेटेल त्याला सांगतो, कारण लोक पट्टी झोपवूनच लावतात, दिसायला बरी दिसते म्हणून.

करायचं असं. टॉप सुटा करून फरशीवर उलटा टाका, मधला भाग वर उचललेला दिसेल, त्यावर गव्हाचा डबा नाहीतर पाण्याचे कॅन ठेवा आणि पंखा लावून तीनचार दिवस तसाच राहू द्या. सपाट झाला की वजन बाजूला सरकवत सरकवत दोन लांब पट्ट्या एका स्टँडपासून दुसऱ्यापर्यंत लावा, एक मागे कडेला, एक पुढच्या कडेपासून तीन इंच आत म्हणजे गुडघा लागणार नाही, आणि मध्यावर दोन्हींना जोडणारी एक आडवी, नाहीतर रुंदीतला बाक परत येईल. पट्ट्या फेविकॉल लावून थेट उघड्या प्लायवर बसवा, सनमायकाच्या गुळगुळीत अंगावर फेविकॉल धरत नाही. स्क्रूसाठी पट्टीत खालून जाड ड्रिलने एक इंच खोल भोक पाडा, मग ३५ एमएमचा स्क्रू प्लायमध्ये जेमतेम १० एमएम जातो, वरनं टोक बाहेर येत नाही. ही खोली दोनदा मोजा, इथं घाई केली की वरचा सनमायका फुटतो. उरलेल्या खालच्या जागेत सनमायकाचे तुकडे चिकटवा, प्लायच्या उघड्या कडांना सनमायकाची बारीक पट्टी चिकटवा, झालं.

७१० चं म्हणाल तर तो पाणी लागणाऱ्या जागेसाठी, किचनच्या सिंकखाली वगैरे. कोरड्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलाला ३०३ नंबरचा साधा प्लाय पुरतो. पुढच्या वेळी कापलेल्या कडेकडे बघा, थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर तो प्लाय घेऊच नका, वर कुठलाही नंबर छापलेला असू दे.

प्रश्न : मी घरी शाळेच्या युनिफॉर्मचं कटिंग करते. ६ बाय ४ चा टॉप करायचाय, किती जाडी आणि किती उंची?

उत्तर : १८ एमएम घ्या, पूर्ण शीट ८ बाय ४ ची येते त्यातनं दोन फूट उरेल, त्याचा खाली कापड ठेवायला कप्पा करा. उंची उभं राहून कोपरापेक्षा चार बोटं खाली, म्हणजे बहुतेक बायकांना ३४ ते ३६ इंच. अभ्यासाच्या टेबलाची तीस इंच उंची ठेवलीत तर दिवसभर वाकून कंबर जाईल. सनमायका गुळगुळीतच लावा, कात्री सरकत जाते, आणि कडा पॉलिश पेपरने हाताला लागणार नाहीत इतक्या गोल करा, नाहीतर टेरीकॉटचा धागा त्यातच अडकतो.