वाचकांचे प्रश्न : वेडंवाकडं चांदीचं नाणं

प्रश्न : आजीच्या पेटीत चांदीचं नाणं निघालं. गोल नाही, कडा कातरलेल्या. एकीकडे क्रूस, दुसरीकडे ढाल, अक्षरं अर्धवट. वजन २६.९ ग्रॅम. सराफ मोडीत द्या म्हणतो. खरं आहे का, कसं पाहू? – एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मोडीत मुळीच देऊ नका. वर्णन स्पेनच्या आठ रेआलच्या (रेआल हे तिथलं जुनं चलन) हातोडी नाण्याशी जुळतं. सुमारे २३० ग्रॅम चांदीतून ६७ रेआल पाडायचा नियम होता, म्हणून आठ रेआलचं वजन २७.४७ ग्रॅम भरे. कस हजारी ९३०. झिजेने अर्धा ग्रॅम कमी होणं स्वाभाविक आहे. चांदीच्या पट्टीचे तुकडे तोडत, जादा वजन कातरीने छाटत आणि मग दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारत. त्यामुळे आकार वेडावाकडा, ठसा सरकलेला, लेख अपुरा. तो दोष नव्हे.

ढालीच्या डावीकडे भिंगाने पाहा. पी असेल तर पोतोसी (आजच्या बोलिव्हियातलं टांकसाळीचं शहर), एमच्या डोक्यावर बारीक ओ असेल तर मेक्सिको. जवळचं दुसरं अक्षर कस तपासणाऱ्याचं. ढालीऐवजी दोन खांब आणि लाटा दिसल्या, तर पोतोसीचं नाणं १६५२ किंवा त्यानंतरचं: तिथल्या टांकसाळीत चांदीत भेसळ उघडकीस आल्यावर ठसाच बदलला गेला.

कस तपासायला कसोटीवर घासू नका, ओरखडा कायमचा राहतो. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला, काठाला लागू देऊ नका. तुमच्या वजनाला आकडा २.६ च्या आसपास यावा. तांब्याचं असेल तर ३ येईल. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि चांगली चांदीही हलक्या कसाची वाटते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. दागिन्याची कडी डाखलेली असेल, तर हा हिशेब चुकतो.

एवढ्याने अस्सलपणा सिद्ध होत नाही, खऱ्या चांदीच्याही नकला ओततात. कडेवर सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर टाचणीएवढे खड्डे दिसले, तर ते ओतीव समजा.

चिंच, लिंबू, राख लावू नका. काळपट थर राहू द्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर येतो, म्हणून कागदी पाकीट वापरा.

प्रश्न : असं नाणं नांगरताना निघालं तर? – एक शेतकरी, ता. दर्यापूर

उत्तर : जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. माती न धुता, जागा लिहून ठेवून कळवा.