जुन्या वाजणाऱ्या खेळण्यातून वेगळे आवाज कसे काढायचे?

याला सर्किट बेंडिंग म्हणतात. खेळणं बॅटरीवर चालणारंच घ्या. प्लगवर चालणारं काहीही उघडू नका.

मागचे स्क्रू काढा आणि ते वाजत असताना किंचित ओल्या बोटाने आतल्या सर्किट बोर्डावरचे सोल्डरचे (भाग जोडणाऱ्या डाखाचे) ठिपके चाचपा. एखाद्या जागी आवाज घसरतो, घोगरा होतो. बहुधा तिथेच चिपचा वेग ठरवणारा रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारा छोटा भाग) असतो. तो काढून तिथे पोटेन्शिओमीटर, म्हणजे खुंटी फिरवून अडथळा कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, जोडा. खुंटी फिरवली की कुत्र्याचं भुंकणं थेट म्हशीच्या रेकण्यावर येतं! सोबत एक छोटा रेझिस्टर सिरीजमध्ये (त्याच वाटेत, एकापाठोपाठ) ठेवा, नाहीतर खुंटी टोकाला नेली की चिप अडकते. अडकलीच तर बॅटरी काढून पुन्हा घाला.

बऱ्याच नव्या खेळण्यांत चिपवर ओतलेल्या राळेच्या काळ्या गोळ्याखाली जवळपास सगळं झाकलेलं असतं, तिथे फारसं काही हाती लागत नाही. जुनीच शोधा.